पुस्तकाशेजारचे संगीत

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर धानाची कापणी आणि मळणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या जंगलभागाला झाडीपट्टी म्हणतात, हे वसई-मुंबईकडील वाचकांना सांगावयास हवे. आमच्या ब्रह्मपुरीहून नदी ओलांडली की वडसा लागते. नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे ते. दिवाळीपासून होळीपर्यंत या मंडळ्या गावोगाव फिरतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा उजाडताना पडतो. ऑर्गन आणि तबला यांची साथ प्रत्यक्ष चाललेली असते आणि नाट्यपदे कर्ण्यांतून शेजारच्या गावापर्यंत पोहोचतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीला आपल्याच घरी सन्मान आल्यासारखे वाटले.

परंतु नेमके हेच दिवस परीक्षांचेही असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी आणि दहावी, आणि पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी तर बारमाही. घर एकखणी, दूरदर्शन संच त्याच खोलीत, बाहेर लग्नाचा वा नाटकाचा मांडव. अशा वेळी मुलांनी आपली आपण एक तोड शोधून काढली आहे. मोबाईलला जोडलेल्या नळ्या कानांत घालावयाच्या आणि 'अभ्यासाचे संगीत' या नावाखाली तासन् तास चालणारी बासरी, संतूर किंवा मोझार्ट लावून पुस्तक उघडावयाचे. आईवडील बिचकतात. हा अभ्यास म्हणावा की करमणूक, असे आम्हांस विचारतात. कोणी अधिक जाणता पालक पुढे जाऊन विचारतो, की ऐकावयाचेच असेल तर कोणता राग ऐकावा?

प्रश्न घरगुती वाटतो, पण त्याला इतिहास आहे आणि तो जाणल्याखेरीज उत्तर नीट देता येणार नाही, असे आमचे मत झाले आहे. कारण अभ्यास आणि संगीत यांची सोयरीक फार जुनी असली, तरी पुस्तकाशेजारी दुसऱ्या कोणाचे तरी संगीत वाजत ठेवण्याची रीत अगदी अलीकडची आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच आज गोंधळ उडतो.

कामाबरोबर गाणे ही तर आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणते. आमच्याकडे पावसाळ्यात धानाच्या बांधीत रोवणा चालतो तेव्हा चिखलात वाकलेल्या बायकांची रांग गाण्याच्या लयीत पुढे सरकते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या नभोवाणीने हीच गोष्ट कारखान्यांसाठी केली. २३ जून १९४० पासून बीबीसीने कामगारांसाठी दिवसातून दोनदा संगीताचा खास कार्यक्रम सुरू केला आणि कारखान्यांच्या कर्ण्यांतून तो ऐकविला जाऊ लागला. जाते, बांधी आणि कारखाना या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. हात गुंतलेले असतात. जीभ, कान आणि मन मोकळे असते. मोकळ्या मनाला कंटाळा येऊ नये म्हणून गाणे. अभ्यासाचे तसे नाही. तेथे हात मोकळे असतात आणि मन, कान, एवढेच नव्हे तर जीभही गुंतलेली असते. जिभेचे नाव येथे घेतल्यामुळे काही वाचकांना नवल वाटेल, म्हणून त्याचा खुलासा करतो.

जुन्या मराठी शाळेत अभ्यास हा कानाने ऐकू येण्याचा विषय होता. पंतोजींची शाळा पाव मैलावरून कळत असे. धूळपाटीवर अक्षर गिरवितानाही ते मोठ्याने म्हणावयाचे. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सारे एका ठरलेल्या हेलात म्हटले जाई, आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरोघर परवचा चाले. ज्यांनी औटकी पाठ केली त्यांना साडेतीनपट काढताना आकडे आठवावे लागत नसत, चाल आठवावी लागे. आकडे चालीमागून येत. वेदपाठशाळांतील पदपाठ, क्रमपाठ आणि घनपाठ या पद्धतींत तर एकच मंत्र शब्दांची जोडणी उलटसुलट करीत, स्वर सांभाळीत, इतक्या प्रकारे म्हणावयाचा की एखादे अक्षर निसटणे अशक्य व्हावे. घोकंपट्टीची टिंगल करणे सोपे आहे. पण जेथे पुस्तक दुर्मीळ होते तेथे सूर हेच पुस्तक होते.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही हेच घडले. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ गद्यात का लिहिला नाही, याचे कारण उघड आहे. नवख्रिस्ती कुटुंबांना शास्त्रकथा शिकवावयाच्या होत्या, आणि या भूमीत शिकणे म्हणजे ओवी म्हणणे, ऐकणे. पुढे पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत 'मेस्त' म्हणजे गायनगुरू मुलांना अक्षरांबरोबरच स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत. त्याच शाळांतून निघालेल्या पिढ्यांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद उभे केले, हे आता सर्वमान्य आहे.

युरोपातील मठांत अकराव्या शतकात ग्विदो आरेत्सो नावाच्या बेनेडिक्टाईन मठवासीयाने मुलांना सूर ओळखावयास शिकविण्यासाठी संत योहान बाप्तिस्ता याच्या सणाचे एक लॅटिन स्तोत्र निवडले. त्या स्तोत्राचा प्रत्येक चरण आधीच्या चरणापेक्षा एका स्वराने वर सुरू होतो. चरणांची पहिली अक्षरे उचलली की स्वरांची नावे तयार : उत्, रे, मी, फा, सोल, ला. जे शिकावयास पूर्वी दहा वर्षे जात ते आता एका-दोन वर्षांत येते, असे ग्विदोने स्वतःच लिहून ठेवले आहे. धडा गाण्यातच गुंफलेला होता.

ग्विदोशी तुलना करावी असा पुरुष आपल्या महाराष्ट्रात झाला तो पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६० ते १९३६). मुंबईत वाळकेश्वरला जन्म, शिक्षणाने पदवीधर, व्यवसायाने वकील. घराण्यांच्या पेट्यांत कुलूपबंद असलेल्या चिजा त्यांनी देशभर हिंडून गोळा केल्या, त्यांना स्वरलिपी दिली आणि 'हिंदुस्तानी संगीतपद्धती' हा आपला मोठा ग्रंथ १९१० ते १९३२ या काळात चार भागांत, मराठीत, गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिला. मराठी वाचकाला हा अभिमानाचा विषय असावयास हवा, पण तो ग्रंथ उघडतो कोण! या भातखंड्यांनी विद्यार्थ्यांसाठी लक्षणगीते रचली. लक्षणगीत म्हणजे अशी चीज की जिच्या शब्दांतच त्या रागाचे नियम सांगितलेले असतात : वादी कोणता, वर्ज्य काय, गाण्याची वेळ कोणती. विद्यार्थी चीज म्हणतो आणि म्हणता म्हणता व्याकरण पाठ होते. ग्विदोचे स्तोत्र, पंतोजीची औटकी आणि भातखंड्यांचे लक्षणगीत ही तीन भावंडेच होत. तिन्ही ठिकाणी गाणारा विद्यार्थी स्वतः आहे.

मग मुका अभ्यास आला कोठून? संत ऑगस्टीन आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांचे वर्णन करतात. अँब्रोज वाचीत असत तेव्हा डोळे पानावर फिरत, पण आवाज आणि जीभ स्तब्ध असत. ऑगस्टीनना हे इतके लक्षणीय वाटले की त्याची कारणे ते शोधू लागले. कदाचित घसा जपण्यासाठी असेल, असाही तर्क त्यांनी केला आहे. मनात वाचण्याची सवय मठांतून, मग विद्यापीठांतून हळूहळू पसरली आणि इंग्रजी अमदानीतील शाळांबरोबर आपल्याकडे रुजली. त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात ऑगस्टीन संगीताविषयी आपली ओढाताण मांडतात. स्तोत्रांच्या गायनाने मन भक्तीकडे वळते, हे त्यांना ठाऊक आहे. पण कधी कधी गायिलेल्या अर्थापेक्षा गाणाऱ्या आवाजानेच आपण अधिक हलतो, याची त्यांना टोचणी लागते. अलेक्झांड्रियाचे संत अथनासियस वाचकाला स्तोत्र इतक्या अल्प चढउताराने म्हणावयास लावीत की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाई, याचीही ते आठवण काढतात. सूर अर्थावर मात करतो, ही तक्रार पंधरा-सोळाशे वर्षे जुनी आहे. आम्ही सेमिनरीत असताना अभ्यासाच्या तासांना कडक मौन असे. शिस्तीचा अतिरेक म्हणून आम्ही तरुणपणी त्याला हसत असू. त्या मौनाची बाजू घेणारे प्रयोग प्रयोगशाळांत झाले आहेत, ते पुढे येईलच.

इतके झाले तरी अभ्यास एका बाजूला आणि ऐकण्याचे संगीत दुसऱ्या बाजूला, असेच शतकानुशतके चालले होते. मैफिलीत कोणी पुस्तक घेऊन बसत नसे. गाणे हवे तर गायक हवा, आणि गायक समोर असताना पुस्तक वाचणे म्हणजे त्याचा अपमान. ८ मार्च १९२० रोजी पॅरिसमधील एका चित्रदालनात एरिक साती या संगीतकाराने गमतीदार प्रयोग केला. खुर्ची-टेबलासारखे नुसते असावे, लक्ष देऊन ऐकू नये असे संगीत त्याने मध्यंतरासाठी रचले होते. वादन सुरू होताच श्रोते सवयीने गप्प बसून ऐकू लागले आणि बिचारा साती 'बोला, हिंडा, ऐकू नका' अशा विनवण्या करीत फिरला. न ऐकण्यासाठी संगीत ही कल्पना लोकांच्या पचनी पडली नव्हती. ती पाडली ग्रामोफोनने आणि त्याहून अधिक आकाशवाणीने.

विदर्भात आकाशवाणीचे नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झाले. त्यानंतर १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षे माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या पुण्याच्या गृहस्थांकडे होते. चित्रपटगीतांना कात्री लावून शास्त्रीय संगीत घरोघर पोहोचवावयाचे, असा त्यांचा निर्धार होता. १९५२ साली संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. श्रोत्यांनी काय केले? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले! शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला तडजोड करावी लागली. केसकरांची चेष्टा पुष्कळ झाली. तथापि ज्यांच्या बापजाद्यांनी राजदरबारची पायरी पाहिली नाही, अशा खेड्यांतल्या मुलांच्या कानांवर बिलासखानी तोडी पडली ती त्यांच्या हट्टामुळे, हे नाकारता येत नाही. त्या काळी घरात संच एकच. तो वडील मंडळींच्या मर्जीने चाले आणि मुले त्याच खोलीत कंदिलाजवळ गणिते सोडवीत. पुस्तकाशेजारचे संगीत जन्मले ते असे, कोणी न ठरविता.

आकाशवाणीमुळे आणखी एक गोष्ट रूढ झाली. सकाळच्या सभेत सकाळचे राग, रात्रीच्या सभेत रात्रीचे, हा दंडक तिने मोठ्या प्रमाणात पाळला. त्यामुळे रागसमय ही कल्पना ज्यांनी गाणे शिकलेले नाही त्यांनाही ठाऊक झाली, आणि 'पहाटेच्या अभ्यासाला भैरव, रात्रीच्या अभ्यासाला बागेश्री' असे सल्ले आज जे दिले जातात त्यांचे मूळ येथे आहे. म्हणून रागसमयाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

दिवसाचे चार आणि रात्रीचे चार असे आठ प्रहर. प्रत्येक सुमारे तीन तासांचा. रागांना वेळ नेमून देण्याची परंपरा जुनीच होती, पण तिला सुसूत्र मांडणी दिली भातखंड्यांनी. कोमल रिषभ घेणारे भैरव, पूर्वी, मारवा यांसारखे राग पहाटेच्या व सायंकाळच्या संधिप्रकाशात. मग शुद्ध रिषभ-धैवताचे राग. त्यानंतर कोमल गांधार-निषादाचे, असे चक्र दिवसातून दोनदा फिरते. मध्यमाला त्यांनी वाटाड्याचे काम दिले. तीव्र मध्यमाचे प्राबल्य दिसले की बहुधा संध्याकाळ वा रात्र, शुद्ध मध्यमाचे दिसले की बहुधा पहाट वा सकाळ. रात्रीच्या पहिल्या प्रहराला यमन, मध्यरात्रीकडे बागेश्री, मालकंस, दरबारी. उजाडता भैरव, उन्हे वर आली की तोडी, दुपारी सारंग. ही मांडणी सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु ती रागांच्या स्वरांची आणि गायकांच्या रीतीची व्यवस्था आहे. विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीशी तिचा संबंध भातखंड्यांनी जोडलेला नाही. दक्षिणेकडील कर्नाटक संगीतात वेळेचे बंधन इतके काटेकोर पाळले जात नाही आणि तेथील मुले परीक्षेत मागे पडल्याचे कोणी ऐकले नाही! तेव्हा तोडीने बुद्धी तल्लख होते असे कोणी सांगितले तर त्याला भातखंड्यांचा आधार नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

असाच एक समज पश्चिमेकडून आला, आणि तो तर विज्ञानाच्या पोशाखात आला. १९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी आळीपाळीने दहा मिनिटे मोझार्टचा दोन पियानोंसाठी रचलेला एक सोनाटा, दहा मिनिटे विश्रांतीच्या सूचनांची ध्वनिफीत आणि दहा मिनिटे शांतता दिली. मोझार्टनंतर आकृत्यांविषयीच्या कोड्यांत त्यांचे गुण बुद्ध्यंकाच्या हिशेबाने आठ-नऊ अंकांनी अधिक आले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला, हे त्याच टिपणात लिहिलेले होते. पण तेवढे वाचण्याची सवड कोणाला! 'मोझार्टने मुले हुशार होतात' अशी आवई जगभर उठली. १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला अभिजात संगीताची तबकडी देण्यासाठी अंदाजपत्रकात १,०५,००० डॉलर मागितले.

पुढे इतरांनी प्रयोग करून पाहिले तेव्हा तो लाभ विरघळू लागला. टोरोंटोच्या संशोधकांनी १९९९ साली एक मजेशीर गोष्ट दाखविली : संगीताऐवजी गोष्ट ऐकविली आणि ज्याला गोष्टच अधिक आवडते त्याने ती ऐकली, तरी तितकाच फायदा होतो. म्हणजे करामत मोझार्टची नव्हे, मन प्रसन्न व जागे होण्याची. २०१० साली व्हिएन्ना येथील संशोधकांनी सुमारे चाळीस अभ्यास आणि तीन हजार व्यक्ती यांचा एकत्रित ताळा मांडला आणि मोझार्टच्या अंगी असा काही खास गुण नसल्याचा निर्वाळा दिला. ध्यानात घेण्याजोगे असे की या साऱ्या प्रयोगांत संगीत कामाच्या आधी ऐकविले होते, काम चालू असताना नव्हे. कान झाकून बसलेल्या आमच्या मुलांचा प्रश्न निराळाच आहे.

त्या प्रश्नावरही प्रयोग झाले आहेत, पण त्यांचा गाजावाजा झाला नाही. वाचताना किंवा पाठ करताना आपण मनातल्या मनात उच्चार करीत असतो. ॲलन बॅडली या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९७४ पासून मांडलेल्या सिद्धांतात या मूक उच्चाराला स्मरणाच्या कामात महत्त्वाचे स्थान आहे. वर आम्ही जिभेचे नाव घेतले ते यासाठी. संत अँब्रोज यांची जीभ स्तब्ध होती, पण मनातला उच्चार बहुधा चालूच असणार. या उच्चारात बाहेरचे बोलणे घुसते. १९७६ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांना अक्षरे लक्षात ठेवावयास सांगून मागे जर्मन उतारा वाचला गेला; न कळणाऱ्या भाषेनेही चुका वाढल्या. १९८९ साली बॅडली यांनी पियेर सालामे यांच्यासह संगीताची परीक्षा घेतली. शब्दांसह गायन सर्वांत घातक ठरले; नुसत्या वाद्यसंगीताने त्याहून कमी नुकसान केले; शांतता सर्वांत बरी ठरली. 'पण मला आवडते ते लावले तर अभ्यास होतो', असे मुले सांगतात. २०११ साली वेल्समधील कार्डिफ येथे तेही तपासले गेले. क्रमाने अक्षरे आठवण्याच्या कामात आवडते संगीत आणि नावडते संगीत दोन्ही सारखीच बाधली.

येथे कॅथलिक वाचकांसाठी एक आठवण. १९९४ साली स्पेनमधील सांतो दोमिंगो दे सिलोस मठाच्या बेनेडिक्टाईन बंधूंचे ग्रेगोरियन गायन जगभर लाखोंनी खपले. मनःशांतीसाठी, झोपेसाठी आणि अभ्यासासाठीही लोक ते लावू लागले. लॅटिन कळत नाही म्हणून ते शब्दविरहितच आहे, असा अनेकांचा समज. जर्मन उताऱ्याचा प्रयोग पाहता तो टिकत नाही. आणि ते मठवासी जे गात होते ती प्रार्थना होती. तिच्याकडे कान द्यावयाचा असतो, तिच्या आडोशाला बसून भूगोल वाचावयाचा नसतो. हे थोडे कडक वाटेल, पण आमचे मत असेच आहे.

मग मांडवाच्या शेजारी राहणाऱ्या मुलाने करावे काय? कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असावयास हवेत, आणि राज्य सरकार वर्षातून ठराविक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पण गावाचे वर्षभराचे मनोरंजन आणि शेकडो कलावंतांची पोटे या हंगामावर आहेत. कायद्याचे पुस्तक घेऊन मांडवात जाणारा धर्मगुरू आम्हांस पाहावयाचा नाही. ज्या घरात शांतता मिळूच शकत नाही तेथे निवड शांतता आणि संगीत यांत नसते; नाट्यपदांचे शब्द आणि दुसरा एखादा आवाज यांत असते. त्यांत शब्दविरहित, मंद, सारखा वाहणारा आवाज बरा. कार्डिफ येथेच डिलन जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले आहे की मनाला खेचतो तो आवाजातील बदल. एकसारखा राहणारा नाद फारसा त्रास देत नाही. यावरून बासरीपेक्षा, संतूरपेक्षा, मोझार्टपेक्षाही योग्य असे एक वाद्य आपल्या घरचेच आहे, असे आम्हांस वाटते. ते म्हणजे तानपुरा.

तानपुरा कोणतीही चीज वाजवीत नाही. चार तारा : पहिली बहुधा मंद्र पंचमाची, मधली जोड षड्जाची, शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखाली रेशमाचा किंवा सुताचा दोरा सरकवून जवारी साधली की तारेतून एकाच वेळी अनेक स्वरांची वलये उठतात आणि एकमेकांत मिसळून जातात. गायकाला आधार द्यावा, स्वतः पुढे येऊ नये, एवढेच त्याचे काम. आपल्या मिरजेत हे वाद्य पिढ्यान् पिढ्या घडविले जाते. मंगळवेढा-पंढरपूर भागातील भोपळे त्यासाठी वापरतात, आणि मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आज तानपुऱ्याचा नाद मोबाईलवर फुकट मिळतो. आवाज बारीक ठेवून तो लावला तर मांडवातील शब्द त्यात बरेचसे बुडतात, आणि तो स्वतः काही सांगू पाहत नाही. सातीला पॅरिसमध्ये जे साधले नाही ते मिरजेच्या कारागिरांनी न बोलता साधून ठेवले आहे.

रागच ऐकावयाचा असेल तर तो पुस्तक उघडण्यापूर्वी दहा मिनिटे, डोळे मिटून ऐकावा. रात्री यमन, पहाटे भैरव. बुद्धी वाढते म्हणून नव्हे, तर रोज त्याच वेळी तोच सूर कानांवर पडला की घंटा झाल्याप्रमाणे मन जागेवर येते. नकाशा रंगविणे, आकृत्या काढणे, वह्या उतरविणे ही हाताची कामे चालली असताना संतुराचा संथ आलाप सुखाने चालू द्यावा. ती कामे जात्याच्या जातीची आहेत. द्रुत गत, झाला, सवालजवाब आणि तराणा मात्र त्या वेळीही नको. तराण्याला अर्थ नसला तरी अक्षरे असतात.

आणि पाठांतराच्या वेळी कानांतल्या नळ्या काढून ठेवाव्यात. १९९४ साली अमेरिकेत वांडा वॉलेस यांनी केलेल्या प्रयोगात असे आढळले की कवितेची अनेक कडवी एकाच चालीत पुनःपुन्हा ऐकली तर चालीविना ऐकण्यापेक्षा शब्द अधिक लक्षात राहतात. चाल एकदाच कानांवर पडली तर मात्र तिचा उपयोग होत नाही. पंतोजींना हे ठाऊक होते, फादर स्टीफन्स यांनाही. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही सांगतो की सनावळी, रसायनांची सूत्रे आणि मराठीच्या कविता मोठ्याने म्हणा, हेल काढून म्हणा, हवी ती चाल लावा, नाटकातली लावलीत तरी चालेल. घरच्यांना त्याचा त्रास होतो, ही तक्रार आमच्यापर्यंत आली आहे. ती होळीपर्यंत सोसावी.